खुर्चीला वळसा

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्या नाकावर ठोसा मारला. कुणी म्हणेल, ही काय प्रेमकथेची सुरुवात झाली? पण त्यात माझा काडीचाही दोष नव्हता. शिकवल्याप्रमाणे मी डावीकडे वळले, शिकवल्याप्रमाणे एक पाऊल पुढे टाकून मूठ सरळ सोडली... त्या जागी कुणी असायचं कारणच नव्हतं. पण माझ्या डाव्या हाताला उभे असलेले ते उंच गृहस्थ नेमके उजवीकडे वळले. समोर मी दिसताच आपलं चुकलं हे त्यांच्या लक्षात आलं, आणि “सॉरी” म्हणत ते अदबीने खाली वाकले. त्यांचं नाक बरोबर माझ्या मुठीच्या उंचीला आलं, इतकंच.

“अगं बाई! लागलं का हो?”

“नाही, नाही,” ते नाक धरून म्हणाले. “चूक माझीच. मला सेन्सेई नीट दिसत नाहीत.”

“समोर तर उभ्या आहेत!”

“हो, पण मी चष्मा काढून ठेवलाय ना. चष्मा घालून मार खाल्ला, तर चष्मा फुटतो.”

“आणि न घालता खाल्ला तर?”

त्यांनी जरा विचार केला. “नाक,” ते म्हणाले, आणि तसेच नाक धरून हसू लागले.

चांगलं हसत होते. पण ते एवढ्यात नको.

कराटेचा आमचा वर्ग एका जुन्या जिमखान्याच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवणाऱ्या सेन्सेई वयाने माझ्या मावशीएवढ्या. दिवसा त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, त्यामुळे आम्हालाही “डावीकडे वळा” असं न सांगता “पूर्वेकडे वळा” सांगायच्या. पूर्व म्हणजे खिडकीची बाजू. आम्ही सगळे पांढऱ्या पट्ट्याचे, म्हणजे बिगरीतले. पिवळा पट्टा हवा असेल तर पहिला काता चोख करून दाखवायचा. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने केलेली लढाई. शत्रू चहूबाजूंनी येतात, पण ते फक्त लढणाऱ्याला दिसतात. इकडे अडवायचं, तिकडे मारायचं, मधे तीन पावलं सरळ पुढे जाऊन पोटातून एक आरोळी ठोकायची, आणि शेवटी जिथून निघालो त्याच जागेवर परत यायचं. वीतभर जरी इकडेतिकडे झालं, तरी सेन्सेई म्हणायच्या, “तुम्ही वेगळ्याच देशात पोचलात.”

नाकवाले गृहस्थ जनावरांचे डॉक्टर निघाले. मी निघाले चष्म्याच्या दुकानातली. हा योगायोग मी वाया जाऊ देणार नव्हते.

“उद्या दुकानात या,” मी म्हणाले. “मागे पट्टा असलेला, न फुटणारा चष्मा करून देते. तेवढीच नाकाची भरपाई.”

दुकान बाबांचं आणि माझं. खाली दुकान, वर घर. माझ्याबद्दल घरात एक ठरलेली थट्टा आहे, ती इथेच सांगून टाकते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. मी कुठलीही गोष्ट शेवटाला नेत नाही असं बाबांचं म्हणणं. ते एकेक बोट दुमडून दाखवतात: “गिटार, पोहणं, फ्रेंच आणि तो बँकेतला मुलगा.” बँकेतल्या मुलाशी माझं लग्न ठरत आलं होतं, आणि मीच नको म्हटलं. त्याला गिटारच्या शेजारी बसवलेलं त्याला आवडलं नसतं, पण बाबा कुणाचं ऐकतात? मी कराटेला नाव घातलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “कपडे जरा मोठ्या मापाचे घे. तू सोडलंस की मला घरात घालायला होतील.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. डोळे तपासायची आमची खुर्ची दुकानाच्या मधोमध आहे, जाडजूड, लोखंडी, जमिनीला स्क्रूने आवळलेली. त्या खुर्चीत त्यांचे गुडघे पार हनुवटीपर्यंत आले. मी एकेक भिंग घालत गेले.

“हे स्पष्ट की हे?”

“दोन्ही सारखंच.”

“बरं... आता?”

“आता तुम्ही अगदी स्पष्ट दिसताय.”

“मला नाही बघायचं. समोरची अक्षरं वाचायची.”

“हां, अक्षरं,” ते म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले. अक्षरं मात्र सगळी चुकीची वाचली.

निघताना ते दुकानभर लावलेले आरसे बघत राहिले. चष्म्याच्या दुकानात आरशांना तोटा नसतो. “इथे काता करता आला तर आपलं काय चुकतंय ते आपल्यालाच दिसेल, नाही?” ते आपले सहज म्हणाले.

“या की. सकाळी, दुकान उघडायच्या आधी,” मी म्हणाले. तोंडातून निघून गेल्यावर मलाच कळलं की मी काय बोलून बसले.

“चालेल? म्हणजे... परीक्षेपर्यंतच. परीक्षेपर्यंतच तुम्हाला त्रास देईन.”

अशी आमची शिकवणी सुरू झाली. सकाळी ते यायचे, अंगाला गवताचा आणि जंतुनाशकाचा वास, खिशातून डोकावणारं थर्मामीटर. आम्ही दाराजवळ शेजारी शेजारी उभे राहायचो, तोंड समोरच्या मोठ्या आरशाकडे. इकडे अडवा, तिकडे मारा, इथपर्यंत सगळं ठीक चालायचं. मग ती तीन सरळ पावलं यायची, आणि मधे उभी असायची खुर्ची. तिला हलवणं शक्य नव्हतं. मग मी पहिलं पाऊल जरा डावीकडे टाकायचे, ते उजवीकडे, दुसऱ्या पावलाला खुर्ची आमच्या दोघांच्या मधून मागे जायची, आणि तिसऱ्या पावलाला आम्ही पुन्हा जवळ यायचो, अगदी आरशासमोर. तिथेच आरोळी ठोकायची जागा होती.

आरोळी हे डॉक्टरांचं मोठं दुखणं. त्यांचा सारा दिवस बिथरलेल्या जनावरांना चुचकारण्यात जायचा, त्यामुळे शत्रूवर चालून जातानाही त्यांच्या तोंडून “एऽऽ... एऽऽ” असा मायेचा आवाज निघायचा. वर्गात सेन्सेई कपाळाला हात लावायच्या. “समोर शत्रू आहे, वासरू नाही!”

“तुम्हाला कुणाचा राग येत नाही का हो?” मी एकदा विचारलं.

“येतो की. लोक जनावर पार आडवं झाल्यावर आणतात, त्याचा येतो.”

“मग त्या लोकांवर ओरडा.”

“ओरडलो तर पुढच्या वेळी आणणारच नाहीत.”

मी त्यांच्या पोटावर तळवा ठेवला. सेन्सेई तसंच शिकवायच्या, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. निदान हात ठेवेपर्यंत नव्हतं. “इथून काढा,” मी म्हणाले. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं, श्वास घेतला, आणि असे काही गरजले की फळीवरच्या दोन फ्रेम खाली आल्या. आम्ही दोघंही दचकलो. मग आरशात एकमेकांचे चेहरे बघून हसत सुटलो, थांबताच येईना. त्या दिवसापासून सवयच पडली. तिसरं पाऊल, आरोळी, आणि आरशात एकमेकांकडे बघून हसणं.

बाबा वरच असायचे. पण कानात मशीन घातल्याशिवाय त्यांना ढोलही ऐकू येत नाही, आणि मशीन ते दुकानात यायच्या वेळीच घालतात. जमिनीचे हादरे मात्र त्यांना जाणवायचे. “खाली घुशी झाल्यात,” ते काळजीने म्हणायचे. “चांगल्या दांडग्या दिसतात.” मी मान खाली घालून चहा प्यायचे.

एकदा डॉक्टर एक मांजराचं पिल्लू घेऊन आले. त्याचे डोळे अजून उघडले नव्हते, थोड्या थोड्या वेळाने दूध पाजायला लागायचं. आम्ही त्याला टॉवेलात गुंडाळून खुर्चीवर ठेवलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी, पाय न वाजवता, शत्रूंचा खातमा केला. मधेच थांबून डॉक्टर गुडघ्यावर बसले आणि त्या एवढ्याशा तोंडात ड्रॉपरने दूध सोडू लागले. एवढा थोरला माणूस, श्वास रोखून. मी बघत राहिले, आणि मला सरळ कळलं की मला हा माणूस आवडतो. कराटेपुरता नाही, परीक्षेपर्यंतही नाही.

पण सांगणार कसं? बाबांची ती थट्टा मी स्वतःच डॉक्टरांना पहिल्या आठवड्यात रंगवून सांगितली होती. ते पोटभर हसले होते, आणि मग एकदम गप्प झाले होते. आता मी काही बोलले असते तर त्यांना वाटलं असतं, हिचं नवं खूळ. आणि घरी सांगितलं असतं तर बाबांनी शांतपणे पुढचं बोट दुमडलं असतं, “...बँकेतला मुलगा आणि गुरांचा डॉक्टर.” त्या माणसाला कुणी गिटारच्या रांगेत बसवलेलं मला सहन झालं नसतं. डॉक्टरही काही बोलत नव्हते. परीक्षा जवळ येत होती, आणि परीक्षा झाली की सकाळी दुकानात यायला त्यांना कारणच उरणार नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे मागणं घातलं की परीक्षा पुढे ढकल. शाळेतसुद्धा घातलं नव्हतं.

परीक्षा काही ढकलली गेली नाही. हॉलमध्ये घरच्या मंडळींसाठी बाकं मांडली होती. बाबा पहिल्या बाकावर, कानात मशीन, चेहऱ्यावर एवढं समाधान की मला वाईट वाटलं. मी परीक्षेपर्यंत टिकले यावरच ते खूश होते. समोर टेबलाशी बाहेरगावहून आलेले परीक्षक बसले होते. सेन्सेईंचे गुरू, काटकुळे, पांढऱ्या भुवयांचे. ते पापणी लवू देत नाहीत असं सगळे म्हणायचे, आणि खरंच नव्हते देत. दोघादोघांना एकदम बोलावत होते. सेन्सेईंनी आमची उंची बघितली नाही, जोडी बघितली नाही, नुसतं म्हणाल्या, “पुढचे दोघं.” ते आम्ही होतो.

सुरुवात झकास झाली. पूर्वेला अडवलं, मारलं. पश्चिमेला अडवलं, मारलं. डॉक्टर अगदी योग्य दिशेला वळले, नवीन चष्म्याचा पट्टा घट्ट आवळलेला. मग आली ती तीन सरळ पावलं.

हॉल एवढा मोठा, आणि समोर काही म्हणजे काही नव्हतं. मी पहिलं पाऊल टाकलं, ते गेलं डावीकडे. त्यांचं गेलं उजवीकडे. दुसऱ्या पावलाला आम्ही दोघं मिळून, एका तालात, अतिशय काळजीपूर्वक, काहीच नसलेल्या जागेला वळसा घातला. तिसऱ्या पावलाला पुन्हा जवळ आलो, जोडीने गरजलो... आणि सवयीने समोर बघून गोड हसलो.

समोर आरसा नव्हता, परीक्षक होते.

आम्ही कसाबसा बाकीचा काता उरकला आणि उभे राहिलो. परीक्षकांनी टेबलावरून वाकून ती जागा नीट निरखली.

“तिथे काय आहे?” त्यांनी मला विचारलं.

“काही नाही, सर.”

“काही नाही त्याला वळसा कशाला घातला?” मग डॉक्टरांकडे वळून, “तुम्ही सांगा. काय आहे तिथे?”

डॉक्टरांना खोटं बोलता येत नाही. मी डोळ्यांनी खुणा करत होते, पण ते समोर बघत होते. “खुर्ची, सर,” ते म्हणाले.

“कुणाची?”

“यांच्या दुकानातली. रोज सकाळी... म्हणजे आम्ही सराव तिथे करतो. ती स्क्रूने बसवलेली आहे, हलत नाही.”

एका दमात सगळं सांगून मोकळे! वर्गातल्या सगळ्या माना आधी त्यांच्याकडे वळल्या, मग माझ्याकडे. सेन्सेईंनी तर हळूच “अच्छाऽऽ” म्हटलं. आणि तेवढ्यात पहिल्या बाकावरून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, बाबा म्हणाले, “म्हणजे घुशी नव्हत्या!”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. परीक्षकांच्या भुवया थरथरल्या. त्यांना हसू येतंय की राग, कळायला मार्ग नव्हता.

“पुन्हा करा,” ते म्हणाले. “खुर्ची नाही असं समजून.”

आम्ही पुन्हा केलं. मी मनाला बजावलं, सरळ जा, सरळ. पण पाय कुणाचं ऐकतात? इतके दिवस रोज सकाळी ज्या वाटेने गेले होते त्याच वाटेने गेले. त्यांचेही गेले. फक्त या वेळी हसलो नाही, एवढीच सुधारणा.

“तुमचा ताल सुंदर आहे,” परीक्षक शेवटी म्हणाले. “एवढे जुळलेले दोघं मी फार कमी बघितलेत. पण हा काता माझा नाही, तुमचा आहे. नापास.” मग सेन्सेईंना म्हणाले, “यांचा त्या दुकानातला सराव बंद करा. पुढच्या परीक्षेपर्यंत इथेच, मोकळ्या हॉलमध्ये, सगळ्यांबरोबर.”

नापास झाल्याचं मला काही वाटलं नाही. पण ‘दुकानातला सराव बंद’ हे मात्र लागलं. संपलं म्हणजे.

चपलांच्या फळीपाशी मी माझी दुसरी चप्पल शोधत होते, खरं म्हणजे डोळे पुसत होते. डॉक्टर माझी चप्पल हातात घेऊन मागे उभे होते.

“मी ‘खुर्ची’ म्हणायला नको होतं,” ते म्हणाले.

“मग काय म्हणायचं होतं? झाड?”

“चुकलंच माझं.” ते घुटमळले. चप्पल खाली ठेवली, पुन्हा उचलली. “एक विचारू? तुम्ही आता... सोडणार का?”

“काय, कराटे?”

“मी कराटेचं नाही विचारत.”

मी वर बघितलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते आणि नजर चपलेवर होती. म्हणजे इतके दिवस त्यांनाही तेच भय होतं तर! गिटारच्या रांगेत बसायची त्यांनाही धास्ती होती, म्हणून ते तोंड मिटून होते. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्यांचा फोन वाजला.

त्यांनी ऐकलं, आणि बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. “उभी आहे की बसलीय?... पाय दिसतायत का वासराचे?... ओढू नका. कुणी काही ओढू नका, मी निघालोच.” फोन ठेवून ते बूट शोधायला लागले. “गाय अडलीय. मला जायला हवं. आपण... नंतर...”

नंतर म्हणजे कधी? हॉलमध्ये, सगळ्यांबरोबर, पूर्वेकडे तोंड करून?

“मी येते,” मी म्हणाले.

“तुम्ही? अहो, चिखल असेल, शेण असेल. हे पांढरे कपडे...”

“पट्टा पिवळा झाला तर बरंच. नाहीतरी परीक्षेत मिळालाच नाही.”

मागून बाबा येत होते. त्यांनी डॉक्टरांना वरपासून खालपर्यंत बघितलं, मग मला. मी वाट बघत होते की आता बोटं दुमडायला लागतील. पण ते नुसतं म्हणाले, “दुकान मी बघतो. तू जा.” आणि स्वेटर काढून माझ्या हातात दिला, गोठ्यात गारठा असतो म्हणून.

बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. डॉक्टरांनी गाडीचं दार उघडलं, सीटवरचे गमबूट आणि दोरखंड मागे टाकले, आणि तसेच दार धरून उभे राहिले.

“किती वेळ लागेल सांगता येत नाही हं,” ते म्हणाले. “कधी लगेच होतं, कधी सगळा दिवस जातो. मधेच कंटाळलात तर परत सोडायला कुणी नसेल.”

“मी मधेच निघणार नाही.”

“आता म्हणताय. तो गोठा बघितलात तर...”

“मी गोठ्याचं नाही म्हणत.”

ते थांबले. पावसाचे थेंब त्यांच्या नव्या चष्म्यावर साचत होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. आता मात्र सगळं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं.

“तुम्ही मला आवडता,” मी म्हणाले. “खूप. आणि आज नापास होऊनसुद्धा मला उद्या यायचंय, परवा यायचंय. असं मला कधीच, कशाचंच वाटलं नव्हतं. हे खूळ नाही. खूळ कसं असतं ते मला चांगलं माहीत आहे.”

त्यांनी हात पुढे केला, आणि मी तो धरला. गरम होता.

“मला वाटलं होतं, आधी मीच सांगेन,” ते शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाले.

“मग सांगा ना. कोण अडवतंय?”

“सांगतो. पण तिकडे गाय...”

“गाडीत सांगा,” मी म्हणाले आणि आत बसले.

त्यांनी गाडी सुरू केली, आणि वाटभर सांगत राहिले.